कोरा पेला

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर ओळखलंस ना? मग आधी खाली बस. हो, तुझ्या आईचंच आहे. नेहमी माझी पत्रं लिहून देणारा खालचा औषधवाला सुट्टीवर गेलाय, असं मी तिला सांगितलं. तो या घटकेला खाली दुकानात शिंकतोय, तिलाही ते ऐकू येतंय. तरी तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं, पेन झटकलं आणि सांगा म्हणाली. फोन का नाही केला, असं विचारशील. तू त्या बोटीवर जाऊन आल्यापासून तुझा फोन वाजला की हिला नेमके गच्चीवर वाळत घातलेले कपडे आठवतात. पत्राचं तसं नसतं. पेनच हातात असलं की माणूस उठून जाणार कुठे! आता मी बोलणार, तिला लिहावं लागणार. सून घरात आल्यापासून माझं बोलणं इतकं निमूटपणे कधी ऐकून घेतलं गेलं नव्हतं, तेव्हा पत्र जरा लांबणार आहे.

तू बोटीवर जायचं ठरवलंस तेव्हा फक्त माझ्या कानात सांगितलंस. समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांची बोट, त्यात शाळेतल्या शिक्षकांनाही नेतात, त्यांच्याबरोबर काम करायचं आणि आल्यावर मुलांना शिकवायचं. मी एवढंच विचारलं होतं, की बोटीवर आंघोळीला पाणी असतं का. तुझ्या आईला कळलं ते तू निघून गेल्यावर. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त तुझं नाव घ्यायची बंद झाली. तुझा बाबा, माझा लेक, मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. एका बोटीचं इंजिन वाटेत कुरकुरतंय म्हणून सोबत गेला, ती बोट परत आलीच नाही. तू तेव्हा टेबलाखालून रांगत जाऊन सगळ्यांच्या चपला चोखत होतीस. त्या दिवसापासून बंदराकडे उघडणाऱ्या खिडकीकडे पाठ करून शिलाई मशीन ठेवलं. उजेड पाठीमागून यायचा, शिवणीवर हिचीच सावली पडायची, सुईत दोरा ओवताना डोळे फुटायची वेळ यायची, पण मशीन हललं नाही. आता इथे लिहिणारी थांबलीय. लिही बाई, म्हटलं, तुझ्याबद्दल सांगतेय, तुझ्याविरुद्ध नाही.

तर तुझ्या शाळेत पालकांना वर्ग दाखवायचा दिवस होता तेव्हा मी एकटीच आले. ही म्हणाली, कोणाच्या तरी पडद्यांची घाई आहे. तुझ्या वर्गात मला खुर्ची मिळाली ती पहिलीतल्या पोरांची. बसले खरी, पण उठवायला दोघं लागले. आयुष्यात प्रथमच शाळेत बसले आणि पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर! तू मुलांना त्यांचे थर्माकोलचे पेले परत दिलेस. तू बोटीवर जाण्याआधी प्रत्येकाने त्यावर चित्र काढलं होतं, आणि तुम्ही तळातलं पाणी वर आणायचं यंत्र सोडता त्याला जाळीत बांधून ते खाली पाठवले होते. वरच्या पाण्याचं वजन त्यातली सगळी हवा पिळून काढतं म्हणालीस. पेले वर आले ते माझ्या अंगठ्याएवढे होऊन. एका पोराने हत्ती काढला होता, तो बघून रडवेला झाला, माझ्या हत्तीचा उंदीर केला म्हणे. माझ्या पेल्यावर मी शाईचा अंगठा उठवला होता, तोही बारीक होऊन आला, रेघ न् रेघ शाबूत. बघून मला बरं वाटलं. मलाही वयाने असंच आवळलंय. चित्र तेच, माप तेवढं कमी.

मग एका मुलीने विचारलं, पेला चेपतो तर मासा का चेपत नाही? मी मान पुढे काढली. लहानपणी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी तू, आता काय फेकतेस ते बघू म्हटलं. तर तू म्हणालीस, मला नीट माहीत नाही, शोधू या. मुलं अशी बघायला लागली, जणू तुझी वेणीच गळून पडली. तू हसून म्हणालीस, बोटीवरची मोठमोठी माणसं दिवसभर हेच वाक्य म्हणतात आणि मग कामाला लागतात. तुम्हीही लागलात. डब्याला वर, मध्ये, खाली भोकं पाडून पाणी भरलंत. सगळ्यांत खालच्या भोकातली धार सगळ्यांत लांब गेली, ती थेट मुख्याध्यापकांच्या बुटात. बूट भिजला तरी त्यांनी पाय मागे घेतला नाही, आणखी पाणी ओता म्हणाले. माणूस बरा आहे, त्यांना धरून राहा.

तुझ्या आईचा पेला तू माझ्या रुमालात बांधून दिलास. जाण्याआधी कशासाठी ते न सांगता तिच्यापुढे ठेवलेला, तिने हातही न लावलेला. तो तू तसाच कोरा खाली पाठवलास, आणि तो तसाच कोरा, एवढासा होऊन आला. घरी येऊन मी तो मशीनवर ठेवला आणि तोंड बंद ठेवलं. तू हसतेयस, पण मलाही जमतं ते कधी कधी. दुसऱ्या दिवशी त्यात टाचण्या होत्या. मग टाचण्या गेल्या आणि तो हिच्या बोटावर दिसला, सुई टोचू नये म्हणून घालतात त्या अंगुस्तानासारखा चढवलेला, आणि ही नुसती बसून होती. मग एकदम विचारलं, खाली अंधार असतो का हो? म्हटलं, मिट्ट काळोख असतो, मास्तरीणबाईंनी सांगितलंय. थंड असतं का? म्हटलं, फार. पण तिथले काही मासे स्वतःचा दिवा स्वतःच घेऊन हिंडतात, असंही सांगितलंय. त्या दिवशी तिने शिवलेली पडद्याची कड वाकडी गेली. हिची शिवण वाकडी! गिऱ्हाइकाला वाटलं, नवी फॅशन आहे.

त्यानंतर तुझं पत्र आलं. औषधवाला माझी पत्रं वाचतो ती अख्ख्या गल्लीला औषध कसं घ्यायचं ते समजावल्यासारखी. बोटवाल्यांनी तुला पुन्हा बोलावलंय, या वेळी बरोबर येणाऱ्या नव्या शिक्षकांना शिकवायलाही तूच हवीस, पण आईला पुन्हा दुखवायचं नाही म्हणून तू नकार कळवणार आहेस, हे त्याने खणखणीत आवाजात वाचलं. तुझी आई दुधाची पिशवी घेऊन जिन्यात उभी होती. वाचून संपलं तरी वर आली नाही. आली तेव्हा दूध कोमट झालं होतं.

आता मुद्द्याचं. काल तिने औषधवाल्याला वर बोलावलं आणि दोघांनी उचलून मशीन फिरवलं. आता ते खिडकीकडे तोंड करून आहे. पहिला तासभर तिने मान वर केली नाही, मग केली. त्यानंतर दुकानातून एक नवा थर्माकोलचा पेला आणला आणि त्यावर लिहायला बसली, गोल फिरवत फिरवत, काठापासून बुडापर्यंत. मला वाचता येत नाही हे तिला या घरात आल्या दिवसापासून माहीत आहे, तरी हाताचा आडोसा करून लिहीत होती. तो पेला या पत्राबरोबर खोक्यात चिंध्यांत गुंडाळून पाठवतोय. तो तुझ्यासाठी नाही, तुझ्या बाबासाठी आहे. तो नक्की कुठे आहे कोणास ठाऊक, पण समुद्राचं पाणी सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं, हे तूच वर्गात सांगितलंस. तिथवरचं टपाल तुझ्याच बोटीतून जातं, तेव्हा नकार कळवू नकोस. कळवला असलास तर चुकून कळवला म्हण. जा, पेला नीट खाली सोड, आणि परत आणायला विसरू नकोस. अक्षर इतकं बारीक होऊन येईल, की तुला वाचता येणार नाही, लिहिणारीलाही येणार नाही, मला तर येतच नाही. निदान तेव्हा तरी आपण तिघी एका इयत्तेत बसू.

तुझीच, मागच्या बाकावरची
आजी

ता. क. हे आजींनी सांगितलेलं नाही. खोक्यात तळाशी जाकीट आहे. बाह्या जरा लांब ठेवल्यात, वारा आत शिरू नये म्हणून. – आई