जाळीच्या भिंतीतले नव्वद अंश

११ जुलै
लिहिण्यापूर्वी या वहीची क्षमा मागते. वर्गात नाव पुकारले तरी जिला उभे राहवत नाही, तिने रोजनिशी लिहावी हे धाडसच. परंतु मन ठिकाणावर नाही. बोलायला केवळ सोनुनबूबू आत्या, आणि आत्याशी बोलणे म्हणजे ऐकणे.

नारीन शहरातल्या महाविद्यालयात गणितासाठीचा अर्ज वीस तारखेला दुपारी बारापर्यंत पोहोचला पाहिजे. बाबांची सही नाही. आज ते म्हणाले, "आयझिरेक, तुझ्या त्या रेघांनी दूध तरी तापतं का?" मी म्हटले, "युर्त उभं राहतं." हे वाक्य तोंडून कसे निघाले, कळले नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "सतराला वरच्या कुरणावर जातोय. तिथं घर तूच उभं कर. राहिलं, तर सही."

१२ जुलै, सकाळी
अत्यंत सोपे आहे. युर्तच्या, म्हणजे आमच्या गोल, घडीच्या तंबूघराच्या, जाळीदार भिंतीतल्या एका दिशेच्या सर्व पट्ट्या परस्परांना समांतर. त्यांना ओलांडणारी प्रत्येक पट्टी ही छेदिका. म्हणून संगत कोन समान, व्युत्क्रम कोनही समान. एक कोन मोजला की उरलेले शेकडो आपोआप सिद्ध. आत्याने चाळीस उन्हाळे व्यर्थ डोळे ताणले.

१४ जुलै
काटकोन निश्चित केला. त्याहून निर्दोष कोन नाही. आत्याने विचारले, "नव्वदच कशावरून?" मी सिद्धता दिली. ती म्हणाली, "आम्ही आपली जाळी दाराच्या चौकटीला लावतो. टोकं चौकटीएवढी आली की झालं." अशास्त्रीय आहे, पण वयाचा मान राखला.

१५ जुलै
सराव करण्याचा संकल्प. घोड्या दोहायच्या होत्या. कोनमापक नऊ वेळा पुसले. फोनचा सिग्नल तपासायला टेकडीवर चारदा गेले. पाठवायला अजून काहीच नाही.

१६ जुलै
सराव अनावश्यक. सिद्धतेला सराव लागत नाही.

१७ जुलै, सकाळी १०
जाळीच्या पाचही भिंती गोलाकार उभ्या. कोन तपासले: नव्वद, नव्वद, नव्वद. दार भिंतीपेक्षा हातभर उंच दिसते. दार जुन्या मापाचे असावे.

साडेअकरा
बाबा मधोमध काठीवर छताचे लाकडी चक्र पेलून उभे आहेत. भिंतीवरून निघालेले छताचे दांडे चक्रापर्यंत पोहोचत नाहीत. वीतभर कमी. सगळेच. कोरड्या हवेत लाकूड आकसले असावे.

अकरा पन्नास
बाबांनी काठी आता खांद्याला टेकवली आहे. "पोरी, वही ठेव! सिद्ध झालं का?" झाले आहे. फक्त पोहोचत नाही.

दुपारी
आत्याने दोऱ्या सोडून जाळ्या मिटवत आणल्या. भिंती चौकटीएवढ्या चढल्या, घेर आवळला, दांडे चक्राच्या भोकांत बसले. तिने मला तळलेला बोर्सोक खायला दिला आणि म्हणाली, "कोन सारखेच होते हो तुझे. सगळे सारखेच चुकलेले."

म्हणजे सिद्धांत निर्दोष ठरला. किती अंशांवर समान असावेत, हे पाठ्यपुस्तकात नव्हते.

१९ जुलै
बाबांनी दोन दिवसांत सहीचे नाव काढलेले नाही. आज त्यांना मुद्देसूद समजावण्याचा निश्चय केला. समोर गेले आणि चहा ओतला. तीनदा. तिसरा कप त्यांनी उपडा ठेवला.

२० जुलै
सकाळी बाबांनी स्वतःच अर्ज मागितला. आत्याला म्हणाले, "ही इथं राहिली तर हिवाळा उघड्यावर काढावा लागेल." आत्या एवढी हसली की तिच्या हातातले घोडीच्या दुधाचे कुमीस सांडले. बाबांनी सही केली. मला वाटले, अखेर भूमिती त्यांना पटली.

कुरणाजवळच्या, सिग्नल असलेल्या टेकडीवर येऊन अर्जाचा फोटो काढताना खालचा रकाना दिसला: पालकांच्या संमतीचे कारण. बाबांनी ठळक, सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे: "घरी उपयोग नाही."

खाडाखोड केलेला अर्ज बाद होतो. दुसरा कागद नाही.

तसाच पाठवला. २० जुलै, सकाळी ११ वाजून ४६ मिनिटे.