वरून ओतलेलं पाणी

कोंडाणे, ९ मे १९७८

मालन, जय भीम.

तुझा भाऊ चंदर काल मुंबईच्या डॉक्टरचा कागद दाखवून गेला. तुझ्या तोंडावरचे चट्टे महारोगाचे नायत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुझ्याच अंगावर उलटल्यात, दुसऱ्या कुणाला ते लागत नाय.

आईनं तुझं ताट वेगळं केलं तेव्हा मी गप्प बसलो. पाणी तर मीच वरून तुझ्या ओंजळीत ओतलं. माझ्या बापाला गावच्या विहिरीवर असंच मिळायचं. तू तसंच प्यालीस. मग मी तुला माहेरी सोडलं.

तुला आणायला लोधिवलीला यायचं हाय. पण दारात आल्याबरोबर तू पाण्याचा तांब्या पुढं करशील. तो मी कसा घेऊ?

म्हणून हे तिसरं पत्रही न धाडता पेटीतच ठेवतोय.

काळूराम