मोहिनी नांदायला येते

३ फेब्रुवारी
स्वयंपाकघरावरून सुवर्णाचं आईशी परत बिनसलं. ती माहेरी, नांदगावला. फोनवर म्हणाली, आधी घरात दोन ससे नांदवून दाखव, मग मला न्यायला ये. आव्हान स्वीकारलं. तिचा ससा, बंटी, इथेच आहे. म्हणजे अर्धं काम झालेलंच.

४ फेब्रुवारी
द्वारका चौकाजवळच्या दुकानातून मोहिनी आणली. पांढरीशुभ्र, गरीब स्वभाव. बंटीचं ऑपरेशन झालंय, वंशवाढीची काळजी नाही. आईने रीतसर गृहप्रवेश मांडला. बंटीच्या पिंजऱ्याच्या दारात तांदळाचं माप. मोहिनी ते ओलांडायचं सोडून त्यातच बसली आणि लघवी केली. आई म्हणाली, सुनेला वळण नाही. सुरुवात उत्तम.

संध्याकाळी
बंटीने तिच्या पाठीचे केस उपटले. नव्या नवलाईत चालायचंच.

६ फेब्रुवारी
मोहिनी बंटीच्या कानाला चावली. दोघांना समोर घेऊन समजावलं, की ज्याने त्याने थोडं पडतं घ्यावं. सुवर्णाला आणि आईलाही मी हेच सांगत असतो. मग दोघं मिळून मला चावले. ससे. एकी होतेय.

७ फेब्रुवारी
इंजेक्शन घेतलं. मध्ये जाळी लावली, तात्पुरती. सुवर्णाला मेसेज केला, प्रगती छान. तिने फोटो मागितला. जाळी दिसू नये म्हणून मेथीची जुडी आडवी धरली.

११ फेब्रुवारी
जनावरांचे डॉक्टर चिडले. म्हणाले, पिंजरा बंटीचा, तिथे ती परकीच राहणार. दोघांनाही नवी असेल अशी जागा द्या. एवढी साधी गोष्ट कुणी आधी सांगितली नाही. बाथरूम रिकामं केलं. माझी अंघोळ आता गच्चीवर, थंडीत. आईचीही कुरकुर.

१६ फेब्रुवारी
जमलं. मोहिनीने मान खाली घातली, बंटीने तिचं कपाळ चाटलं. मला रडू आलं, अगदी थोडं. या घरात बऱ्याच दिवसांत कुणी कुणाला चिकटून बसलं नव्हतं. नांदगावचं तिकीट काढलं.

१७ फेब्रुवारी
सुवर्णाला फोन. तिने विचारलं, कसं जमवलंस. म्हटलं, सोपं आहे, तिला त्याच्या घरात ढकलायचंच नाही, दोघांना वेगळी, नवी जागा द्यायची. ती म्हणाली, वर्षभर मी तुला हेच सांगतेय. फोन ठेवला. नंतर उचलेना.

तिकिटाचं काय करू? आईला विचारलं, ती काय सांगत होती. आई म्हणाली, जेवायला बस.

खूप आठवून पाहिलं. भाड्याच्या घराचं काहीतरी म्हणायची. सशांबद्दल एक अक्षर नाही.