साठ सेकंदांच्या आत

सर, परवा माझी नात पुण्याला चारशे मीटर धावणार आहे, आणि कालपासून मला घास गिळवत नाही. शालेय मुलींची राज्यस्पर्धा आहे. आज सकाळच्या गाडीने ती वर्ध्याहून निघाली, सोबत शाळेच्या बाई आहेत आणि आणखी चार मुली. गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून हात केला. तो नेहमीचा हात होता की बाईंसमोर करावा लागतो म्हणून केलेला, हे मी स्टेशनपासून सेवाग्रामपर्यंत ऑटोत बसून ठरवत आलो, आणि ठरलं नाही. घरी येऊन चहाही न घेता हा कागद पुढे ओढला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण घड्याळाच्या बाबतीत मला आरपार ओळखणारं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. दुसऱ्या कोणाला सांगावं तर लोक म्हणतील, म्हातारा भलतंच जिवाला लावून घेतो.

आष्टीची आपली शाळा आठवते. पहिला तास तुमचा, मराठीचा. शेवटचाही तुमचाच, कवायतीचा. दोन्ही तासांना तोच पांढरा सदरा, फक्त शेवटच्या तासाला बाह्या दुमडलेल्या. मंदाक्रांता तुम्ही आम्हाला मैदानावर शिकवली. पहिली चार अक्षरं गुरू, तेव्हा चार पावलं जड टाका. मग पाच लघु, ती पाच पावलं अशी उचला की धूळ उडू नये. आम्ही हसून लोळत होतो, तरी आजही ते वृत्त मला कानांपेक्षा पोटऱ्यांत जास्त आठवतं. ऑलिंपिकच्या दिवसांत तर तुम्ही वेगळेच व्हायचे. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने यायचं, ते तुम्ही स्टँडवरच उभ्याने वाचायचे, आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर निकाल लिहायला मला उभं करायचे, कारण माझं अक्षर वळणदार. इथियोपियाचा शिपाई रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, ते मी लिहिलं. लहानपणी पायाला आधाराची पट्टी बांधून चालणारी अमेरिकेची मुलगी त्याच रोममधून तीन सुवर्णपदकं घेऊन गेली, तेही लिहिलं. मग आला आपला चारशे मीटरचा गडी, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने चौथा. तिथे मी तीनच नावं लिहून खाली रेघ ओढली. तुम्ही मागे उभे होते.

"चौथा लिही."

"सर, चौथ्याले काही भेटत नाई."

"म्हणूनच लिही. तीन तर सारी दुनिया लिहिते."

त्याच हिवाळ्यात शाळेच्या क्रीडादिनाला तुम्ही मला वेळ धरायला उभं केलं, काळ्या दोरीचं ते गोल घड्याळ गळ्यात अडकवून. माझ्या बाकावरचा सोबती चारशे मीटर धावत होता. शाळेचा जुना विक्रम मोडायला त्याला थोडंच कमी पडलं. रेघ ओलांडून तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि मान तेवढी वर करून माझ्याकडे पाहू लागला. त्या पाहण्यापुढे माझं काही चाललं नाही. मी एक सेकंद कमी सांगितला. शाळाभर टाळ्या पडल्या. त्या वेळेच्या भरवशावर तुम्ही त्याला वर्ध्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत नेलं आणि तिथे तो सगळ्यांच्या मागे आला. पुढे तो कधी धावला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं. तुम्हाला कसं कळलं ते मी आजवर विचारलं नाही. बहुधा तुम्ही मनात मोजत होते, ओळीच्या मात्रा मोजायचे तसे. तुम्ही हात उगारला नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "कवितेत मात्रा चोरली तर ओळ लंगडते, अन् सारा वर्ग हसते. घड्याळात चोरली तर कोणी हसत नाई. पोट्टा लंगडते, अन् त्याले समजतही नाई काऊन." वर्गात ही गोष्ट तुम्ही कधी काढली नाही. मॅट्रिक होऊन निघालो तेव्हा तेच घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. बक्षीस होतं की ताकीद, तेही मी विचारलं नाही.

आता ऐंशीला टेकलो. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो, सून इथल्या दवाखान्यात सिस्टर आहे, नात दहावीत. रोज सकाळी सहाला ती आणि मी दवाखान्याच्या क्वार्टरांमागच्या मैदानावर जातो. दोरी धरून चुन्याच्या फक्कीने आम्ही दोनशे मीटरचा गोल आखला आहे. दोन फेऱ्या म्हणजे चारशे. तिच्या शाळेच्या सरांकडे मुलांचा घोळका, त्यामुळे तुमच्या त्याच घड्याळावर तिची वेळ धरण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी मी एक लांबट वही केली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एका खेळाडूची सगळी कारकीर्द, वळणदार अक्षरात. हेलसिंकीला पाच हजार, दहा हजार आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्ही जिंकणारा चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू. त्याच हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेला आपला मराठी पहिलवान. बार्सिलोनाला चारशे मीटर आणि चार वर्षांनी अटलांटाला दोनशे-चारशे दोन्ही जिंकणारी फ्रान्सची बाई. तीन ऑलिंपिकांत शंभर आणि दोनशे मीटरला कोणाला पुढे जाऊ न देणारा जमैकाचा उंच पोरगा. आणि खाली, तारीख घालून, माझ्या नातीची वेळ. तिला ही पानं तोंडपाठ आहेत. पायात बूट चढवताना ती म्हणते, "आबाजी, आज कोणाचं पान?" मी सांगतो, आणि ती त्या माणसाच्या थाटात मैदानाकडे चालू लागते. एकदा सून वही चाळून म्हणाली, "मामाजी, तुमच्या वहीत कोणी हरतच नाई जी. आमच्या वॉर्डात पाठवा एखादी अशी वही." आम्ही तिघं हसलो. संध्याकाळी मी पुन्हा पानं उलटली. रोमचा आपला चौथा त्यात नव्हता. लॉस एंजेलिसला अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने पदक हुकलेली आपली मुलगीही नव्हती. मी मुद्दाम गाळली नव्हती, सर. हात तिकडे वळलाच नव्हता.

पावसाळ्यात तिला ताप आला, दहा-बारा दिवस अंथरुणात होती. उठल्यावर पहिल्यांदा धावली ती अशी की बघवेना. रेघेवर येऊन वाकली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी अर्धा सेकंद कमी सांगितला. आजारातून उठलेलं लेकरू, अर्ध्या सेकंदाने कोणाचं काय जातं, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती कालच्यापेक्षा बरी धावली, मग आकडाही कालच्यापेक्षा बरा हवा. एका ओळीत मात्रा चोरली की पुढच्या ओळीतही चोरावी लागते, नाहीतर चाल मोडते. असं करत करत एका सकाळी मी तिला साठ सेकंदांच्या आत आणून ठेवलं. ती मैदानभर नाचली. घरी येऊन आईला उचललं. मीही त्या दिवशी गोड मागून खाल्लं, आणि खोटं सांगत नाही, मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. विभागाच्या शर्यतीत ती पहिली आली. तिथे क्रमांक तेवढे पुकारतात, मुलींना वेळ कोणी सांगत नाही. राज्याच्या फॉर्मवर तिच्या सरांनी तिची वेळ लिहिली ती माझ्या वहीतली.

पंधरा दिवसांपूर्वी ती आनंदाने म्हणाली, "आबाजी, पुण्याले मशीन राह्यते. मोठ्या पाटीवर टाइम येते लगेच. मंग खरंखुरं समजन." मी ठरवलं, आता सरळ वाचायचं. दुसऱ्या दिवशी वाचलं: बासष्ट आणि वर थोडं. ती म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा बासष्टच. तीन दिवस तेच. सर, मला वाटलं होतं खरं सांगायला लागलो की झालं, निस्तरलं. पण तिला मागचं खोटं होतं हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिच्या लेखी घड्याळ ठीक होतं आणि तीच मंदावली होती. तिने बूट बदलून पाहिले. भात सोडला, पुन्हा धरला. आईला म्हणाली, माझ्यात काहीतरी बिघडलंय. सुनेने दवाखान्यात नेऊन तिचं रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं तेव्हा तर ती जास्तच घाबरली. आणि मी दाराशी बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

काल दिवेलागणीला तिने भरलेली बॅग रिकामी केली. "मी नाई जात. माह्यात काही राह्यलंच नाई." सून पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिलो.

"बेटा, तू हळू झाली नाई."

"मंग काय घड्याळ बिघडलं?"

"घड्याळ चांगलं आहे. मीच कमी सांगत होतो. तुझा ताप उतरला तेव्हापासून."

तिला उमजायला वेळ लागला. सुनेला आधी उमजलं. तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मामाजी, मी पोरीचं रक्त काढलं." 

"म्हणजे साठच्या आत मी कधी गेलीच नाई?" नात म्हणाली. "आबाजी, मी साऱ्यायले सांगितलं. सरायनं फॉर्मवर लिहिलं."

"लिहिलं, बेटा."

"अन् तुमी पाहून राह्यले होते."

ती आत गेली. आता दार लावून घेईल असं वाटलं, पण ती वही आणि लाल पेन घेऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली. "कोणते खोटे, ते खोडा." मी चष्मा लावला. एकेका पानावरचा आकडा खोडत गेलो. वर फ्रान्सची बाई, खाली लाल रेघ; वर जमैकाचा पोरगा, खाली लाल रेघ. ती प्रत्येक रेघेबरोबर ओठ हलवत होती, मोजत असावी. रडली नाही. मला तिचं रडणं झेपलं असतं, ते मोजणं झेपत नव्हतं. शेवटची तीन-चार पानं राहिली तेव्हा तिने पेनावर हात ठेवला.

"आबाजी, एक तरी खरा असंन. साठच्या आतला एक दाखवा. मंग मी जाते म्हणून सांगते बाईले."

मी पानं मागे-पुढे केली. मग न खोडलेल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. थंडी सुरू झाल्यावरची एक सकाळ, एकोणसाठ सेकंद आणि वर आठ दशांश. तिने ते पान जवळ घेऊन पाहिलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि उठून बॅग भरायला लागली. सुनेने गॅस पुन्हा पेटवला.

परवा ती त्या एका आकड्यावर विसंबून रेघेवर उभी राहील. पुण्याच्या मैदानावरच्या पाटीवर काय उमटेल, ती मान वर करून कोणाकडे पाहील, मला काही सुचत नाही. हे पत्र मी कुठे पाठवणार? पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही उलट टपाली एकच विचारलं असतं: तो आकडा तरी खरा होता का? सर, त्या सकाळी काटा कुठे थांबला होता, मला आठवत नाही.