आणखी थोडा मागे

रीनो, नेव्हाडा
२९ डिसेंबर २०२५, दुपार

तीर्थस्वरूप वीणाताईस मोरेश्वराचा साष्टांग नमस्कार.

त्या अष्टांगांपैकी एक अंग आमच्याकडे सध्या नादुरुस्त असून प्रस्तुत पत्र त्याच अंगाविषयी आहे, हे आरंभीच निवेदन करतो. सेवानिवृत्त संस्कृत शिक्षिकेला पाल्हाळ चालते, फसवणूक चालत नाही. अंग माझे नव्हे. तुझ्या अनयचे आहे. उजवा हात. जिवाला काहीही धोका नाही. हे वाक्य डॉक्टरीणबाईंचे असून मी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतले आहे. तूही दोनदा वाच, पाणी पी आणि मग पुढे जा.

नागपुरात आत्ता पहाटेचे साडेचार वाजले असतील. अशा प्रहरी अमेरिकेचा फोन वाजला की उचलणाऱ्याला काय होते, ते आपण दोघेही जाणतो. म्हणून हे पत्र; तू उठून चष्मा लावशील तेव्हा ते तुझ्यापुढे असेल. शिवाय फोनवर माझा आवाज तुझ्या कानी पडला असता आणि तो आज ऐकवण्यासारखा राहिलेला नाही. टंकलिखित अक्षर थरथरत नाही, एवढा एकच लाभ मी या यंत्रयुगाकडून आज घेतो आहे.

मी रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात बसलो आहे. शेजारी नीलांबरी आहे. तिच्या मांडीवर अनयचे जाकीट आहे आणि ती त्याची चेन विनाकारण वरखाली करते आहे. समोर सिया भिंतीला टेकून उभी आहे, बस म्हटले तरी बसत नाही. अनय आत, शस्त्रक्रियागृहात आहे.

आता मूळ कथा. तो नाताळच्या सुट्टीसाठी पिस्कॅटवेच्या विद्यापीठातून आमच्याकडे सनीव्हेलला आला हे तुला ठाऊक आहे. आल्यावर दोन-तीन दिवसांतच सियाची सायकल घेऊन तो स्टेशनाकडे गेला, ओल्या पदपथावर घसरला आणि उजवे मनगट मोडून घेतले, हे मात्र तुला ठाऊक नाही. बारीक भेग होती. कोपराच्या खालपर्यंत प्लास्टर आणि सहा सप्ताहांचा संयम, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. परतताना गाडीत हा मला म्हणतो, "मामा, आईला सांगू नकोस यार. ती लगेच तिकीट काढेल."

"तिकीट नाही, ती उपास धरेल," मी म्हणालो. "आणि त्याची पारणी मला करावी लागतील."

तो हसला. मीही हसलो. निर्णय झाला.

ताई, संकट टळल्यावाचून आप्तांस कळवू नये हा आपल्या घराण्याचा कुलाचार आहे आणि त्याची आद्य पुरोहित तू आहेस. बाबांची बायपास झाली तेव्हा मला वार्ता दिलीस ती ते घरी येऊन वरणभात खाऊ लागल्यावर. मी संतापलो होतो. तू म्हणालीस, "तू तिथून काय करणार होतास? नुसता घाबरला असतास." ते वचन मी इतकी वर्षे जपून ठेवले आणि या वेळी तुझ्यावरच चालवले. प्लास्टर निघाले की सांगू, असा विचार होता.

व्हिडिओ कॉलवर तू विचारलेस की हा डाव्या हाताने का जेवतो आहे. "आई, इथं सगळे असंच जेवतात," असे तो म्हणाला आणि तू अमेरिकन संस्कृतीवर एक छोटेखानी प्रवचन दिलेस. मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून त्याच्या पोळीचे तुकडे करून देत होतो. फार मौज वाटली होती.

टाहो सरोवराकाठच्या बर्फाळ डोंगरांची सहल आधीच ठरलेली होती. सिया स्कीवर घसरणार, आम्ही दोघे काचेआड बसून कोको पिणार आणि अनयही आमच्यासोबत बसणार, अशी योजना होती. आता तो भाग, जो टाळण्यासाठी मी वर एवढी अक्षरे खर्ची घातली. तू परवा म्हणालीस, "बर्फावरचा फोटो पाठव रे. नुसता उभा नको, पायात त्या पट्ट्या लावून. भिशीच्या बायकांना दाखवायचाय." तुझा दोष तिळमात्र नाही. तू फोटो मागितलास, तोही धडधाकट मुलाचा. नाही म्हणायला कारण हवे होते. खरे कारण द्यायचे नव्हते आणि खोटे कारण तुला पटले नसते. तेव्हा तुझ्या बुद्धिमान बंधूने तोडगा काढला की मुलाला पायात स्की बांधून बर्फावर उभे करायचे, छायाचित्र घ्यायचे आणि परत कोकोपाशी आणायचे.

तोडगा माझा. अनयचा नव्हे. त्याने फक्त मान डोलावली, कारण मामा म्हणाला.

नीलांबरी म्हणाली, "अहो, डॉक्टर स्पष्ट नाही म्हणालेत. एका फोटोसाठी?"

"डॉक्टरांचा निषेध गतीला आहे, स्थितीला नाही," मी म्हणालो. "तो घसरणार नाही. केवळ उभा राहणार आहे."

सिया स्वतः उत्तम घसरते. ती म्हणाली, "बाबा, स्कीजना कसं कळणार की हा फक्त फोटो आहे?"

सतरा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात पदार्थविज्ञान सांगितले आणि मी, ज्याला कंपनी त्याच विद्येचे वेतन देते, "फाजीलपणा करू नकोस" म्हणालो.

प्लास्टर त्याच्या बाहीत जाईना, म्हणून माझे विशाल जाकीट त्याला चढवले. हातमोजा पंजावर बसेना, म्हणून नीलांबरीचा काळा लोकरी पायमोजा त्यावर ओढला. उजव्या मुठीत काठी धरता येईना. ती मनगटाला नुसती अडकवून ठेवली, फोटोत शोभावी म्हणून. नवशिक्यांसाठी एक सपाटसा उतार असतो, तेथे माणसे फिरत्या पट्ट्यावर उभी राहून वर जातात. आम्ही त्याच्या माथ्यावर गेलो. मी साध्या बुटांत, तो स्कीवर, सिया शेजारी. ऊन पडले होते. तुझा मुलगा देखणा दिसत होता, ताई.

पहिला फोटो मी तत्काळ तुला धाडला. तू मध्यरात्र उलटेपर्यंत त्यासाठी जागी होतीस, हे मला नंतर कळले. पण त्या फोटोत मागे पर्वत नव्हता, एक हॉटेल होते. मला पर्वत हवा होता. मी म्हणालो, "अनय, थोडा मागे सर."

तो सरकला.

"आणखी थोडा मागे."

"मामा, बस ना?"

"अरे, शिखर येतंय. आणखी थोडा."

त्या माथ्याची मागची बाजू सपाट नव्हती. पलीकडे दुसरा, मोठ्यांचा उतार सुरू होत होता आणि माझ्या पडद्यावर तो दिसत नव्हता, कारण पडद्यावर मी पर्वत पाहत होतो. अनय मागच्या मागे घसरू लागला. फार हळू. इतका हळू की तो हसतच होता. पुढे तोंड करून घसरताना टाचा बाहेर ढकलून थांबता येते, हे त्याला सियाने शिकवले होते. उलटे घसरताना काय करायचे ते कोणी शिकवले नव्हते. डावी काठी त्याने रोवली. उजवी रोवायला बोटे नव्हती. मी हात पुढे केला. आमच्यात चार हातांचे अंतर असेल. त्या हातात माझा फोन होता. मी फोन टाकला नाही. त्याच हाताने, फोनसकट, त्याला धरू पाहत होतो.

मग तो कड्यावरून खाली गेला आणि दिसेनासा झाला.

ओरडला नाही. काहीच ऐकू आले नाही, हे मला अजून उलगडत नाही. एवढी माणसे होती, पट्टा घरघरत होता, लाउडस्पीकरवर गाणे वाजत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हते. सिया "दादा!" म्हणून किंचाळली आणि त्याच्या पाठोपाठ कड्यावरून गेली. म्हणजे दोन्ही मुले गेली. मी धावलो. गुडघ्याएवढ्या बर्फात पन्नाशीचा माणूस धावतो तेव्हा तो धावत नसतो, जागच्या जागी रुतत असतो. कड्यावर पोहोचून खाली पाहिले. उतार तीव्र होता, खाली देवदारांची रांग आणि त्यांच्या सावलीत काही दिसेना. मी हाका मारल्या. अनय म्हणून मारल्या, मग सिया म्हणून, मग नुसत्याच.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. तुझा निरोप होता: "किती गोड दिसतोय! दृष्ट काढा रे त्याची."

मी उत्तर दिले. "हो, काढतो." त्या कड्यावर उभे राहून, मुलगा दिसत नसताना, दोन शब्द टंकले आणि वर स्मितमुद्रा जोडली. ताई, या साऱ्या प्रकरणात मला माझी सर्वाधिक भीती वाटली ती या क्षणी. देवदारांची नव्हे.

मग झाडांच्या अलीकडे दोन स्की बर्फात उभ्या रोवलेल्या दिसल्या, एकमेकींवर तिरक्या, फुलीसारख्या. मला वाटले, संपले. शेजारून जाणाऱ्या एका बाईने थांबून सांगितले की ही मदतीची खूण असते, वरून येणारे चुकवून जावेत आणि बचाववाल्यांना जागा दिसावी म्हणून. ती रोवणारी माझी मुलगी होती. शिकवले कोणी, देव जाणे, मी नाही.

मी बसून घसरत खाली पोहोचलो तेव्हा अनय शुद्धीवर होता. झाडापासून अगदी थोडक्यात राहिला होता. पण सारा भार उजव्या हातावर आला होता. प्लास्टर शाबूत, अन् त्याच्या वर, कोपराजवळ, जेथे हात वळू नये तेथे तो वळला होता. सियाने त्याचे डोके मांडीवर घेतले होते. तो मला म्हणाला, "मामा, सॉरी. फोटो आला का?"

बचाववाल्यांनी पायमोजा कापून काढला. आतली बोटे पांढरी होती, ताई, खडूसारखी. त्यांच्यातल्या एकाने नख दाबून पाहिले आणि दुसऱ्याकडे नुसते बघितले. त्या बघण्याचे भाषांतर मला कोणी करून देण्याची गरज पडली नाही.

अँब्युलन्समध्ये मी त्याच्याजवळ होतो. त्याने विचारले, "मामा, बोटं हलतायत का? मला कळत नाहीये." मी पाहिले. हलत नव्हती. मी म्हणालो, "थंडीने आखडली आहेत रे." त्याने डोळे मिटून घेतले. त्याला खरे कळले होते. तो माझ्यासाठी गप्प बसला. मग म्हणाला, "आईला सांग आता."

मी म्हणालो, "ऑपरेशन होऊ दे, मग सांगू."

तो म्हणाला, "नाही मामा. आत्ता. मला खूप भीती वाटतेय."

येथे आल्यावर डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते जसेच्या तसे देतो. कोपराच्या वर हाड तुटून तुकड्याने रक्तवाहिनी दाबली आहे. ती मोकळी करणे आणि हाडाला धातूची पट्टी बसवणे हे आजचे काम. रक्त पुन्हा वाहू लागेल याची त्यांना बरीच खात्री आहे. मज्जातंतूविषयी त्या खात्री देत नाहीत. तो फक्त दुखावला असेल तर काही मासांत सुधारेल. तुटला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया आणि तरीही बोटे पूर्वीसारखी होतील असे नाही. तुझ्या मुलाचे सारे शिक्षण त्या बोटांत आहे. प्रयोगशाळेत तो केसाहून बारीक तारा जोडतो, हे त्याने मला परवाच कौतुकाने सांगितले होते. संमतीपत्रावर त्याने डाव्या हाताने सही केली आणि "माझ्यापेक्षा सियाचं अक्षर बरं," असा विनोद करण्याचा प्रयत्न केला. त्याचे दात वाजत होते.

तुला हवे तसे बोल. मी प्रतिवाद करणार नाही. माझ्याकडे तो नाही. येथवर मी जी काही विनोदी वाक्ये रचली, ती हात स्थिर ठेवण्यासाठी रचली. तू शाळेत म्हणायचीस की मोरू घाबरला की संस्कृत बोलतो. आज एकही श्लोक आठवत नाही.

आत्ताच परिचारिका बाहेर आली होती. शस्त्रक्रिया संपली. रक्तवाहिनी मोकळी झाली, बोटे गुलाबी झाली आहेत, एवढे ती म्हणाली. तो जागा होतो आहे, एकाने आत यावे. डॉक्टरीणबाई त्याला अंगठा उचलायला सांगणार आहेत आणि त्यावरून बरेच काही कळेल. नीलांबरी म्हणते, "जाऊन बघून या आणि मग पाठवा. ताईंना तेवढा तरी दिलासा असेल."

मी बघून आलो, तर जे दिसेल त्याला मी वाक्यात बसवीन. चांगले असेल तर मी हा वरचा अर्धा मजकूर खोडून टाकीन. वाईट असेल तर उद्यावर ढकलीन. मी स्वतःला ओळखतो. म्हणून अंगठा पाहण्यापूर्वी पाठवतो आहे. याक्षणी मला जेवढे ठाऊक आहे तेवढेच तुला ठाऊक आहे, एका अक्षरानेही कमी नाही.

उठलीस की फोन कर. आवाज कसाही असो, मी उचलीन, आणि फोन अनयच्या कानाशी धरीन.

आत जायला घाबरणारा,
तुझा
मोरू