कासुर्डीची सेटिंग

प्रिय जालिंदरदादा,

दारू पिऊन मारलं, हे तू अजून गावभर सांगतोस. मागं फोनवर तेच बोललास आन् कट केलास. मी तवा पिलेलो नव्हतो. सकाळचे सात वाजले होते, पोटात चहासुद्धा नव्हता. शिव्या दे, पण खऱ्या दे.

इथं कोइमतूरला दूध तपासायची मशीनं बनतात. आठवी नापास माणसाला खुर्ची दिलीय, मोनिकावहिनीला सांग, हसंल ती. माझं काम बांधाबांधीचं. कॉम्प्युटरचा प्रोग्राम आन् तो ज्यांच्यावाचून चालत न्हाई त्या बारीकसारीक फायली, सगळं एका गठ्ठ्यात बांधायचं. कुठल्याही गावात एक बटण दाबलं की चालू. फक्त सेटिंगची फाईल कोरी ठेवायची. ती ज्या त्या डेअरीत, तिथल्या मशीनजवळ बसून भरायची. हे इथं पहिल्याच दिवशी शिकवतात. शिरूरला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होतो, तिथं मला कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्या डेअरीत प्रोग्राम मीच टाकला. कासुर्डीच्या डेअरीतून सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर उचलला, त्यातच त्यांची सेटिंगही आली. तिथलं मशीन फॅट चार पॉइंट जास्त दाखवायचं, म्हणून तेवढे वजा लावलेले. आपलं मशीन तर बरोबर होतं. बारा दिवस कुशाबाईपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची फॅट कमी लागली, दुधाचे पैसे कमी पडले, आन् चिठ्ठी फाडणारा हात तुझा.

तेराव्या दिवशी लोक आले. संपतनं कॅनच्या झाकणानं तुझी भुवई फोडली. दोघांनी तुला दुधाच्या टबात बुचकळलं, दूध लाल झालं. भिमा तुझी बोटं उंबऱ्यावर ठेवून टाचेनं रगडत होता. चार पॉइंट खाल्लेस ना, आता मोज की रं, म्हणत होता. मी दारातच. तू मान वर केलीस, मला पाह्यलंस, तोंड उघडलंस. तवाच मी लिटरचं माप हाणलं. जबडा मोडल्याचा तो आवाज इथं खोकं आपटलं तरी ऐकू येतो.

दादा, आदल्या दुपारी तू जेवायला गेलास तवा मी ती फाईल उघडली होती. कासुर्डीचं नाव वाचलं, वजा चार काढून टाकले आन् गप्प बसलो. संध्याकाळी फॅट एकदम वाढली, आन् त्यावरनंच लोकांची खात्री पटली की तू खात होतास, आता घाबरलास. सकाळी तू तोंड उघडलंस तवा मला वाटलं, म्हणणार, प्रोग्राम ईश्वरनं टाकलाय, त्याला विचारा. ते बाहेर पडायच्या आत मारलं. आता वाटतं, तू नुसतं वाचव म्हणणार असशील. फोनवरचं बोलणं चारचौघांत दाखवता येत न्हाई, म्हणून हा कागद. चेअरमनला दे, संपत-भिमासमोर मोठ्यानं वाच. पोलिसांना दिलास तरी चालंल, पाकिटावर पत्ता खरा टाकलाय. लोकांचा फरक भरायला तू गाय विकलीस, ती काय एवढ्यात परत येत न्हाई. तरी वहिनीच्या खात्यावर आज टाकलेत, एकोणीस हजार रुपये.

तुझाच,
ईश्वर