राणीचा राग

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. आमच्या मुक्ताला संस्कृत नाटकाच्या पेपरात प्रश्न होता: राजा दुसरं लग्न ठरवून येतो आणि राणी मुकाट्याने त्याला जेवायला वाढते, तर तिची मनःस्थिती सांगा. लेकीने लिहिलं, ‘राणी संतापली आहे.’ मिसनी फुली मारली. गाइडमध्ये ‘दुःखी’ आहे म्हणे! गाइड लिहिणाऱ्याला कधी कुणी रागाने वाढलंच नाही का?

हे एस्प्लनेडच्या ऑफिसातून आले. म्हटलं, उद्या शाळेत चला. तर म्हणाले, “एका मार्कासाठी कशाला वाद? तुझं आपलं काहीतरीच.” मी एक शब्द बोलले नाही. भातावर तूप वाढलं. मग न विचारता आणखी वाढलं. “झकास कढलंय आज,” म्हणत हे खुशीत जेवले.

मुक्ता मात्र हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.